परदेशात नातीगोती असताना अमेरिकेच्या राखीव नौदलात गुप्तवार्ता अधिकारीपदासाठी अर्ज कसा करावा

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या मनात राखीव नौदलात गुप्तवार्ता अधिकारी व्हावे असे आले, की पाठोपाठ शंका येते: आईवडील भारतात, सासर भारतात, गावच्या सातबाऱ्यावर आपले नाव, मग आपल्याला कोण घेणार? या एका शंकेपायी चांगली पात्रता असलेली माणसे अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. परदेशात नाती असणे एवढ्यानेच कोणी अपात्र ठरत नाही. ती लपवणे, किंवा निष्काळजीपणे अर्धवट सांगणे, हे मात्र अर्ज बुडवते. म्हणून या लेखात मी भरतीच्या पायऱ्या थोडक्यात सांगणार आहे आणि बाकीचा भर नात्यांची माहिती नीट मांडण्यावर देणार आहे.

राखीव नौदलात नागरी व्यवसाय सांभाळून थेट अधिकारी म्हणून नेमणूक मिळण्याची सोय आहे. पदवी हवी आणि अमेरिकेचे नागरिकत्व हवे. ग्रीन कार्डावर हे काम होत नाही, कारण गोपनीय माहिती हाताळण्याची मंजुरी, म्हणजेच क्लिअरन्स, १९९५ च्या अध्यक्षीय आदेश क्रमांक १२९६८ नुसार नागरिकांनाच दिली जाते. संपर्क साधताना अधिकारी भरती पाहणाऱ्या रिक्रूटरलाच गाठावे. बाजारपेठेतल्या भरती केंद्रात बसणारे बहुतेकजण सैनिक आणि खलाशांची भरती पाहतात, त्यांच्याकडून या मार्गाची नेमकी माहिती मिळेलच असे नाही. वयोमर्यादा आणि इतर अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे त्या रिक्रूटरकडूनच चालू कागद मागून पाहाव्यात. गणित, वाचन आणि यांत्रिकी समज तपासणारी ओएआर ही परीक्षा द्यावी लागते. तिचे गुण २० ते ८० या पट्टीवर मोजले जातात आणि आयुष्यात तीनदाच बसता येते, तेव्हा तयारीशिवाय पहिली संधी वाया घालवू नये. पुढे गुप्तवार्ता अधिकाऱ्यांसमोर मुलाखती, शिफारसपत्रे, आपला हेतू सांगणारे निवेदन, वैद्यकीय तपासणी आणि निवड मंडळ अशी वाट आहे. निवड झालेल्यांचे अधिकारी प्रशिक्षण ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे होते.

खरा कस लागतो तो पार्श्वभूमीच्या चौकशीत. या पदाला अतिगोपनीय (टॉप सीक्रेट) स्तराची आणि त्याहून बंदिस्त, म्हणजे ठरावीक लोकांनाच पाहता येणाऱ्या गुप्तवार्तेची (एससीआय) मंजुरी लागते. ही चौकशी डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था करते आणि तिचा पाया म्हणजे एसएफ-८६ हा प्रश्नसंच. तो आता ऑनलाइन भरला जातो, पण तो उघडून मग आठवायला बसणे ही मोठी चूक आहे. मी अर्जदारांना नेहमी सांगतो, की रिक्रूटरला पहिला फोन करण्याआधी एक जाड वही घ्यावी आणि आपली सगळी नाती, पैसा व प्रवास तीत उतरवून काढावा. कोऱ्या फॉर्मचा नमुना सार्वजनिक आहे, तो समोर ठेवूनच हे काम करावे.

सुरुवात नातेवाइकांपासून करावी. अठराव्या विभागात आईवडील, भावंडे, मुले, सासूसासरे यांची पूर्ण नावे, जन्मतारीख, जन्मस्थान, नागरिकत्व आणि पत्ता विचारतात, आणि ती व्यक्ती हयात नसली तरी नोंद करावीच लागते. इथे आपल्या घरांमध्ये दोन अडचणी हमखास येतात. पहिली जन्मतारखेची. आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आणि तीच पुढे शाळा सोडल्याचा दाखला, पेन्शन आणि पासपोर्टपर्यंत गेली. माझ्या वडिलांचेही तसेच होते. आजी म्हणे की ते श्रावणात जन्मले, आणि कागद म्हणत १ जून. अशा वेळी अधिकृत कागदावरची तारीख द्यावी आणि टिप्पणीच्या जागेत दोन ओळींत खुलासा करावा. दुसरी अडचण नावांची. लग्नात आईचे पहिले नावही बदललेले असते, माहेरच्या कागदांवर एक आणि सासरच्या कागदांवर दुसरे, शिवाय आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडेतिकडे. ही सर्व रूपे ‘इतर नावे’ या रकान्यात लिहावीत. चौकशी अधिकाऱ्याला दोन कागदांत दोन नावे दिसली आणि अर्जात एकच असले, तर साध्या रूढीलाही लपवाछपवीचा वास येऊ लागतो.

चुलत, मावस, आते भावंडांसाठी अठराव्या विभागात रकाना नाही, त्यामुळे गोंधळ होतो. त्यांचा विचार एकोणिसाव्या विभागात करायचा. तिथला प्रश्न असा आहे, की गेल्या सात वर्षांत आपला किंवा आपल्या जोडीदाराचा एखाद्या परदेशी नागरिकाशी निकटचा किंवा सततचा संपर्क आहे का, आणि त्याच्याशी आपण स्नेह, प्रभाव, समान हितसंबंध किंवा बांधिलकीने जोडलेले आहोत का. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात साठ माणसे आहेत म्हणून साठ नोंदी होत नाहीत. पण ज्या मावसभावाशी दर रविवारी बोलणे होते, ज्याच्या मुलीच्या शिक्षणाची आपल्याला काळजी असते, त्याचे नाव तिथे यायलाच हवे. शंका असेल तर नोंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जास्तीच्या नोंदीने थोडा वेळ जातो, राहून गेलेल्या नोंदीने विश्वास जातो. या लोकांपैकी कोणी सरकार, सैन्य, पोलीस किंवा संरक्षण उद्योगात असेल, तर तेही सांगावे लागते. काका निवृत्त सुभेदार आहेत हे अभिमानाने सांगण्याजोगे आहे, तसेच ते अर्जातही सांगावे.

पैशाचा आणि मालमत्तेचा विसावा विभाग अधिक बारकाईने वाचावा, कारण त्यातले बरेच प्रश्न सात वर्षांपुरते नसून ‘कधीही’ असे विचारलेले आहेत. परदेशात आपली, जोडीदाराची किंवा अवलंबून असलेल्या मुलांची स्थावर मालमत्ता कधी होती का, आणि पुढे ती मिळण्याची अपेक्षा आहे का, असा प्रश्न आहे. आजोबांच्या मृत्यूनंतर तलाठ्याने वारस म्हणून सातबाऱ्यावर आपले नाव चढवले असेल, तर आपण त्या शेतात कधी पाऊल ठेवले नसले तरी उत्तर ‘होय’ असते. उतारा काढून आपला हिस्सा किती आणि त्याची अंदाजे किंमत किती हे लिहून ठेवावे. अर्जासाठी घाईघाईने हक्कसोडपत्र करून देण्याचा सल्ला काहीजण देतात, तो मला पटत नाही. पूर्वीची मालकी तरीही सांगावीच लागते, आणि इथले घर, नोकरी व बचत यांच्या मानाने तो हिस्सा लहान असेल तर तो फारसा आडवा येत नाही. आईबरोबरचे संयुक्त बचत खाते, मुदत ठेवी, विमा पॉलिसी, पीपीएफ हे सर्व वहीत यावे. परदेशी खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हे विवरणपत्र दरवर्षी भरावे लागते. ते राहिले असेल तर अर्जापूर्वी कर सल्लागाराकडे जाऊन निस्तरावे. आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल, तर परदेशी नागरिकाला आर्थिक मदत केली का या प्रश्नाचे उत्तरही ‘होय’ आहे. आपल्याकडे हे मदत वाटत नाही, कर्तव्य वाटते, आणि त्यामुळेच ही नोंद सर्रास सुटते. भारतात असताना निवडणुकीत मतदान केले असेल तर तेही विचारलेले आहे.

जुन्या भारतीय पासपोर्टची नोंद दहाव्या विभागात होते, तो रद्द झालेला असला तरी. त्याचा क्रमांक, तारखा आणि परत केल्याचा दाखला हाताशी ठेवावा. गेल्या सात वर्षांतल्या परदेश प्रवासाच्या तारखा शिक्क्यांवरून आणि विमान तिकिटांच्या जुन्या ईमेलवरून जुळवाव्यात. अचूक तारीख मिळत नसेल तर अंदाजे असे दर्शवण्याची सोय फॉर्ममध्ये आहे, ती वापरण्यात कमीपणा नाही.

ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येण्याजाण्याची सोय देणाऱ्या कार्डाचा, प्रश्न मात्र अर्जाआधीच डोळसपणे सोडवावा. भारताच्या नियमांनुसार परदेशी सैन्यात सेवेत असलेली किंवा तिथून निवृत्त झालेली व्यक्ती ओसीआय मिळण्यास पात्र नसते. म्हणजे सैनिकी गणवेश घेण्याचा परिणाम भारतात जाण्यायेण्याच्या सोयीवर होऊ शकतो. वृद्ध आईवडिलांकडे वारंवार जावे लागणाऱ्या माणसासाठी ही लहान बाब नाही. घरात जोडीदाराशी आणि शक्य तर आईवडिलांशी मोकळेपणाने बोलून मगच पुढे जावे. कार्ड आधीपासून हातात असेल, तर त्याची माहिती अर्जात द्यावी आणि पुढे काय करायचे हे सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी विचारावे.

निर्णय घेणारे अधिकारी ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विचार करतात. त्यांत एकूण तेरा कसोट्या आहेत. परदेशी प्रभाव ही त्यांपैकी दुसरी आणि परदेशाकडे कल ही तिसरी. पाहिले जाते ते असे: नातेवाईक कोणत्या देशात आहेत, त्यांच्यामार्फत अर्जदारावर दबाव येऊ शकतो का, आणि अमेरिकेशी असलेली अर्जदाराची नाती इतकी खोल आहेत का, की कसोटीच्या क्षणी तो कोणाच्या बाजूने उभा राहील याबद्दल शंका उरू नये. त्यामुळे मुलाखतीत भारतावरचे प्रेम नाकारण्याची मुळीच गरज नाही. आईशी रोज बोलतो हे सांगावे, आणि इथे किती वर्षे राहतो, मुले कुठे शिकतात, समाजात काय काम करतो हेही तितक्याच ठामपणे सांगावे. पूर्वी बंदिस्त गुप्तवार्तेच्या मंजुरीसाठी जवळचे कुटुंबीयही अमेरिकी नागरिक असावेत असा दंडक होता आणि सूट अपवादानेच मिळे. अमेरिकी गुप्तवार्ता संस्थांना लागू असलेल्या २००८ च्या निर्देश क्रमांक ७०४ ने तो दंडक काढला आणि दबावाच्या शक्यतेवर भर दिला. जुन्या काळी नकार मिळालेल्या एखाद्याचा अनुभव ऐकून खचू नये, ते यासाठीच.

चौकशी अधिकारी समोर बसून फॉर्ममधली एकेक नोंद विचारतो, शेजारी आणि सहकाऱ्यांशीही बोलतो. एखादी चूक आपल्याला आधी लक्षात आली तर त्याने विचारण्यापूर्वीच सांगावी. स्वतःहून आणि वेळेत केलेली दुरुस्ती अर्जदाराच्या बाजूने धरली जाते. जाणूनबुजून खोटे सांगणे हा संघीय गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निकालाला अनेक महिने लागू शकतात. त्या काळात भारतात जाणे झाले, तिकडे जमीन घेतली, भावाला व्यवसायासाठी पैसे दिले, तर रिक्रूटरला कळवून नोंद अद्ययावत करावी. मंजुरी मिळाल्यावरही हे थांबत नाही. परदेशी प्रवास निघण्यापूर्वी कळवावा लागतो आणि नवे निकटचे परदेशी संबंधही. भाच्याच्या लग्नाची तारीख ठरली, की तिकीट काढण्याच्या सुमारासच आपल्या युनिटच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे प्रवासाची माहिती द्यावी आणि परत आल्यावर त्यात काही बदल झाला असेल तर तोही लगेच नोंदवावा.