एक बेल थांबा, दोन बेल पळा

एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. अकरा वर्षं मी ही दोरी ओढतेय. पण पळण्यातही अधूनमधून थांबायची बेल द्यायची असते, हे कळायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली.

मी अंबाजोगाई आगारात वाहक आहे. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई आहेत, यांचं म्हणजे नवऱ्याचं विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान, मुलगा दहावीत, मुलगी सहावीत. दुकानाला रब्बीत फुरसत नसते, मला लग्नसराईत आणि दिवाळीत. अशा घरात पळणं कसं टिकवायचं, ते सांगते. वेग कसा वाढवायचा ते मला विचारू नका.

आधी ते तीनदा फसलं. एक जानेवारीला साडेतीन हजारांचे बूट आणले, मोबाईलवर कुणाचं तरी ‘एकवीस दिवस’ बघितलं आणि ग्राउंडवर गेले. कॉलेजात कबड्डी खेळलेली होते ना, त्या तोऱ्यात पहिल्याच दिवशी दोन चकरा जोरात मारल्या. छाती भात्यासारखी वरखाली. नवव्या दिवशी बूट खोक्यात आणि खोकं माळ्यावर. मग पाडव्याला सुरुवात, मग आषाढीला. दर वेळी स्वतःलाच म्हणायची, तुझं मन खंबीर नाही. आता वाटतं, त्यात मनाची चूक फार थोडी होती.

पहिली चूक रक्तात सापडली. गाडी चढ-उतार करताना मला धाप लागायची, दुपारी सीटवर बसले की डोळा लागायचा. मी समजायचे, वय झालं. तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. बाईचं १२ च्या खाली असलं की ते कमीच धरतात. मी तेवढ्या रक्तावर पळायला निघाले होते आणि कंटाळा येतो म्हणून स्वतःला शिव्या देत होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तिथंही घोळ घातला: गोळी चहासोबत घ्यायची. चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबानं लागतं. तेव्हा गोळी लिंबूपाण्यासोबत, आणि चहा त्याच्या आधी-नंतर तास-दोन तास नाही. जेवणावर लगेच चहा हाही तसाच तोट्याचा. म्हणून बायांनो, बूट घेण्याआधी रक्त तपासून घ्या, थायरॉइडही बघा. चाळिशी झाली असेल तर बीपी आणि शुगरही. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर, पळणं नंतर.

दुसरी गोष्ट भिंतीवर सापडली. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, त्याच्या चौकटींत घरातल्या सगळ्यांची अक्षरं असतात. ‘नळ’ हे यांच्या अक्षरात, कारण आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, आणि यायच्या दिवशी टाकी, ड्रम, हंडे, पिंप सगळं भरून घ्यावं लागतं. ‘गॅस’ माझ्या अक्षरात. ‘हप्ता’ लाल पेनानं. दुधाचे आकडे आत्याबाईंचे, दीड, दीड, दोन, पाहुणे आले त्या दिवशी अडीच. मुलीनं कोपऱ्यात लिहिलेलं ‘सहल’. एकदा गोळी घेताना मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि लक्षात आलं, यातलं एकही काम आमच्या घरात कधी चुकलेलं नाही. नळाच्या दिवशी पहाटे उठायला कुणालाच उत्साह लागत नाही. नळ आहे म्हणून उठायचं. मग मीही त्या चौकटीत लिहायला लागले: ‘प’. महिन्याच्या सुरुवातीला नाही, कारण ड्युटी बदलत राहते. दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे फक्त तीन ‘प’. नळाच्या दिवशी ‘प’ लिहायचाच नाही. तो विश्रांतीचा दिवस. तसं पाहिलं तर वीस हंडे उचलणं विश्रांती कसली म्हणा.

कॅलेंडरवर आल्यामुळं एक झालं. ती माझी हौस राहिली नाही, घरातलं काम झालं. सकाळी मुलगी विचारते, आज तुझा प आहे ना? आधी कुणी विचारत नव्हतं.

तिसरी गोष्ट किटली. अंधारात बाई पळताना दिसली की आपल्याकडं लोकांना एकच वाटतं, कुणाचं तरी काहीतरी झालंय. पहिल्याच आठवड्यात एका मावशींनी मला अडवलं, “काय झालं गं? कोण ॲडमिट हाय?” काही नाही, पळायलेय म्हटलं, तर त्यांना ते आणखीच काळजीचं वाटलं. आत्याबाईही बोलायच्या, “घरात काय कमी कामं हायेत का, म्हणून पळायलीस?” मग मी दूध बदललं. आमचं रतिबाचं दूध दारात यायचं, ते बंद करून गावाबाहेरच्या गोठ्यावरचं लावलं, घरापासून दीड किलोमीटर. दोन लिटरची स्टीलची किटली, घट्ट झाकणाची. जाताना रिकामी किटली हातात घेऊन पळायचं, येताना भरलेली घेऊन चालायचं. भरल्या किटलीनं पळता येत नाही, दूध डचमळतं, त्यामुळं शेवटी चालून अंग थंड करणं आपोआप होतं. आता कुणी विचारत नाही. हातात किटली असली की बाई कामाला निघाली. आणि आत्याबाईंना म्हशीचं निरसं दूध मिळतं, त्यामुळं पावसात मी टाळाटाळ केली की त्याच म्हणतात, “जा की, दूध संपलंय.”

तुमच्याकडं गोठा नसेल, तर दुसरं काही असेल. दळण नको, डबा जड होतो. पण भाजी, देऊळ, मुलाला क्लासला सोडून परत येणं, अशा एखाद्या घरच्या कामाला पळणं बांधून टाका.

आता बेलची रीत. घड्याळ नको, मनात साठ मोजा. दोन बेल: एक मिनिट पळा. एक बेल: दोन मिनिटं चाला. असं आठ वेळा, चोवीस मिनिटं होतात. दोन आठवडे एवढंच, जास्त करावंसं वाटलं तरी नाही. मग एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं. मग दोनास एक. मग तीनास एक. मधल्या एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर मागच्या पायरीवर या. न थांबता वीस मिनिटं पळायला मला चौदा आठवडे लागले. पळायचं किती हळू? बोलता आलं पाहिजे इतकं हळू. मी केजच्या रस्त्यावरचे थांबे म्हणते: लोखंडी सावरगाव, होळ, चंदनसावरगाव, केज. एका दमात म्हणता आले तर ठीक. होळपाशी श्वास तुटला तर वेग जास्त आहे, बेल मारा. पहिले तीन महिने आपण सगळे वेगानंच फसतो. धाप म्हणजे व्यायाम झाला, असं डोक्यात बसलेलं असतं.

मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरणारा रस्ता सुंदर आहे, सकाळी माणसंही असतात. पण नव्यानं पळणाऱ्यांनी तो चालावा. उतारावर पळताना मजा वाटते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या रडवतात. शक्य असेल तिथं सिमेंटचा रस्ता सोडून कडेच्या मुरमावरून पळा, पायांना बरं पडतं. पावसाळ्यात मात्र शेताची वाट विसरा. आपल्या काळ्या मातीत दहा पावलं गेलात तर एकेका बुटाला किलो-किलोचा गोळा. मी एकदा हट्टानं गेले आणि बूट हातात घेऊन अनवाणी परत आले. ओले बूट उन्हात किंवा चुलीपाशी नका ठेवू, तळ सुटतो. आत रद्दी कोंबा, सावलीत ठेवा, दोनदा रद्दी बदला.

ड्युटी पहाटेची असेल त्या दिवशी काय? पळायचं नाही. त्या दिवशी लातूरला गाडी लागली की परतीच्या वेळेपर्यंत स्टँडच्या आवारात वीस मिनिटं भरभर चालते, खाकीतच. चालक चहाला जातात, मी फेऱ्या मारते. पहिल्या दिवशी एका प्रवाशानं विचारलं, “ताई, कुणाला शोधायलात?” आठवड्याला दीडशे मिनिटं अंगाला मेहनत व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात भरभर चालणं धरलं जातं. पळण्याचे तीन दिवस आणि अशा फेऱ्या मिळून माझं तेवढं भरतं. बसच्या आत उभं राहणं मी धरत नाही, त्यानं फक्त पाय सुजतात.

एक गोष्ट आपण बाया आपसातही बोलत नाही, म्हणून इथं सांगते. बाळंतपणं झालेल्या पुष्कळ जणींना पळताना, शिंकताना थेंब-थेंब लघवी होते. त्या लाजेनंच कित्येक जणी पळणं सोडतात. त्याला व्यायाम आहे. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच आकडे धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना नव्हे, एरवी. मी दोन थांब्यांच्या मध्ये सीटवर बसून करते, शेजारच्याला पत्ता लागत नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. नाहीच पडला तर बाईचे डॉक्टर. आणि पाणी कमी पिणं हा उपाय नाही. तो उद्योग मी वर्षानुवर्षं केला, त्यातून फक्त जळजळ मिळाली.

घरच्या वाटणीचं सांगते. पोळीची कणीक रात्री मळून ठेवता येते, ज्वारीचं पीठ नाही, ते भाकरी थापायच्या वेळीच मळावं लागतं. म्हणून ‘प’च्या दिवशी डब्याला पोळी, बाकी दिवशी भाकरी. आत्याबाईंना रोज भाकरीच लागते, तर त्या दिवशी त्या स्वतःपुरत्या दोन थापून घेतात आणि माझ्यापेक्षा पातळ थापतात. मुलाला सुशीला शिकवली. मुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणी, शेंगदाण्याचा कूट, संपलं. पहिल्यांदा लगदा झाला, सगळ्यांनी खाल्ला. हे मागून मिळत नाही, ठरवून घ्यावं लागतं. “मला जरा मदत करा” म्हटलं तर दोन दिवस मिळते. “सोमवार, गुरुवार, शनिवार नाश्ता तुझा” म्हटलं तर टिकते.

निघण्याआधी मी दोन खजूर खाते, आल्यावर मूठभर शेंगदाणे आणि गूळ. बाकी प्रोटीनच्या डब्यांत पैसे घालू नका, हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पातळ माडगं प्या.

उन्हाळा आपल्याकडचा वेगळा. मे महिन्यात पावणेसहाला उजाडतं, साडेसातला ऊन चटके देतं. साडेसहाच्या आत घरी. उन्हाची सवय व्हायला अंगाला दहा-बारा दिवस लागतात, तेवढे दिवस अर्धंच पळा. खूप घाम गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचे चमचे, आणि मीठ अंदाजानं नाही. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला किंवा थंडी वाजल्यासारखं झालं, तर सावलीत बसा आणि घरी फोन करा. जानेवारीत उलटं, उजाडायलाच सात वाजतात, तेव्हा माझा ‘प’ संध्याकाळी सरकतो आणि किटली सकाळी हे नेतात.

कुत्री आलीच. पळत असाल तर थांबा, डोळ्याला डोळा देऊ नका, किटली मध्ये धरा, हळूहळू बाजूला व्हा. पळालात तर ती मागं लागणारच. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद-चुना अजिबात नाही.

मुलगा मला चिडवतो. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, त्यानं २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत मारली. त्यात अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. मला तीन किलोमीटरला सत्तावीस मिनिटं लागतात आणि अडथळा एकच, गोठ्यापुढची म्हैस. मी त्याला म्हटलं, साबळेला परत येताना दूध सांडू द्यायचं नसतं का? तेव्हापासून तो गप्प आहे. पण दर रविवारी कॅलेंडरवर ‘प’ लिहून झाले की शेजारी मागच्या आठवड्याचे किलोमीटर तोच टाकतो. सहा. साडेसहा. सात. एका आठवड्यात एकापेक्षा जास्त वाढवू देत नाही, मीच त्याला तसं सांगून ठेवलंय.

खंड पडणार हे धरूनच चाला. दिवाळीत जादा गाड्या सुटतात, सुट्टी मिळत नाही, घरी फराळ. यंदा सोळा दिवसांत मी एकदाही पळाले नाही. पूर्वी अशा वेळी बूट माळ्यावर गेले असते. आता नियम केलाय: जितका खंड, तितके दिवस अर्धं. भाऊबीज झाल्यावर सोमवारी मी पुन्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं यावर आले, आठच्या जागी चार वेळा. पाचव्यांदा दोन बेल द्यावीशी वाटत होती, दिली नाही. मंगळवारी नळ होता.