घोड्याला लगाम कसा चढवावा

महागाईला लगाम, अधिकाऱ्यांच्या मनमानीला लगाम असे मथळे वाचून वाचून लगाम म्हणजे जोराने आवळण्याचीच वस्तू आहे अशी आपली समजूत होऊन बसली आहे. प्रत्यक्षात चारशे-पाचशे किलो वजनाचा प्राणी माणसाच्या मनगटातील बळाला भीक घालत नाही. तो ऐकतो ते तोंडाच्या, नाकाच्या आणि कानांमागच्या नाजूक जागांवर येणारा थोडासा दाब ओळखून, आणि ऐकल्याबरोबर तो दाब सुटतो हा अनुभव गाठीशी असल्यामुळे. त्यामुळे लगाम नीट बसवणे हे स्वारीच्या आधीचे किरकोळ काम नसून स्वारीचा पहिला भागच आहे.

आधी साज ओळखून घ्यावा. कानांमागून जाणारा डोक्यावरचा पट्टा, त्याला जोडलेली कपाळपट्टी, दोन्ही गालांवरून उतरणाऱ्या वाद्या, गळ्याखालून जाणारी गळपट्टी, नाकावरची पट्टी, तोंडात राहणारे धातूचे कडियाळे आणि स्वाराच्या हाती येणारे दोर, एवढे मिळून लगाम होतो. कडियाळे नसलेली म्होरकी वेगळी: ती घोड्याला बांधण्यासाठी आणि चालवत नेण्यासाठी असते. लगामाच्या दोरांनी घोडा कधीही खांबाला बांधू नये, कारण तो दचकून मागे सरला तर सगळा हिसका त्याच्या जिभेवर आणि जबड्यावर बसतो.

कडियाळ्याची निवड सर्वांत महत्त्वाची. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीची एक मोकळी जागा असते. कडियाळे तिथे, जिभेवर टेकून राहते. नर घोड्यांना याच भागात बहुधा सुळे असतात, त्यांवर ते आपटता कामा नये. शिकाऊ स्वाराने मध्ये सांधा असलेले, दोन्ही टोकांना कड्या असलेले साधे कडियाळे वापरावे, कारण त्यात हाताने दिला तेवढाच दाब तोंडापर्यंत पोहोचतो. लांब दांड्यांच्या आणि हनुवटीखाली साखळी असलेल्या प्रकारात तरफेचे तत्त्व काम करते: खालची दांडी वरच्या भागाच्या तिप्पट असेल, तर दाबही साधारण तिप्पट होतो. हात अजून स्थिर नसलेल्या माणसाकडे ते देणे अन्यायाचे आहे. काटेरी किंवा टोकदार कडियाळ्याचा तर विचारच करू नये. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी 1965 साली झालेल्या केंद्रीय नियमांनी त्याला मनाई केली आहे.

लगाम चढवताना घोड्याच्या डाव्या बाजूस, मानेजवळ, त्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. डावीच बाजू का, याचे कारण तलवारीत सांगतात: डाव्या कमरेला तलवार लटकत असली की डावीकडूनच चढणे सोयीचे. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, घोडेमोडणीचा नाच पाहिला असेल, तर कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणाऱ्यांच्या एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात उगारलेली तलवार आठवेल. अरबस्तान आणि इराणकडून येणारे घोडे ज्या बंदरात उतरत, ज्या व्यापारावर बहामनी आणि विजयनगर दोघांचाही डोळा होता आणि 1510 नंतर जो पोर्तुगिजांच्या हाती गेला, त्या गोव्यात घोडा नाचातून तरी उरला हे मला बरे वाटते.

प्रथम दोर घोड्याच्या डोक्यावरून मानेवर टाकावेत, म्हणजे म्होरकी काढल्यावरही तो हातातून निसटत नाही. मग म्होरकी सोडून ती मानेभोवती अडकवावी. उजवा हात घोड्याच्या डोक्याखालून पलीकडे नेऊन लगामाचा वरचा पट्टा कपाळासमोर धरावा आणि डाव्या तळहातावर कडियाळे आडवे ठेवून ते ओठांशी न्यावे. थंड मुलखात कडियाळे आधी हातात धरून कोमट करतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात पडलेले पोलाद चटका देते, तेव्हा ते सावलीतच ठेवावे आणि आधी स्वतःच्या हाताला लावून पाहावे. घोड्याने तोंड उघडले नाही, तर डावा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून दात नसलेल्या जागेवर हलकेच दाबावा. तोंड उघडताच उजव्या हाताने पट्टा वर उचलावा, म्हणजे कडियाळे आपोआप आत सरकते. ते दातांवर ढकलू नये. एकदा दातांवर आपटले की दुसऱ्या दिवशी घोडा लगाम पाहताच मान उंच करतो, आणि ही खोड मोडायला महिने लागतात.

यानंतर कान एकेक करून, हलक्या हाताने पुढे वाकवून पट्ट्याखालून काढावेत. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात, त्यामुळे त्यांची कपाळपट्टी आखूड असून चालत नाही. ती कानांच्या मुळाशी रुतली की घोडा डोके झटकत राहतो आणि आपण त्यालाच हट्टी म्हणतो. कपाळावरचे केस पट्टीबाहेर मोकळे करावेत.

मग बकले लावावीत. गळपट्टी आणि गाल यांच्यामध्ये चार बोटे उभी मावावीत, नाकपट्टीखाली दोन. कडियाळे ओठांच्या कोपऱ्याला टेकून तिथे एखादी-दुसरी सुरकुती पडेल इतके वर असावे. सैल असेल तर घोडा त्यावर जीभ काढतो, ताणलेले असेल तर त्याला क्षणभरही सुटका मिळत नाही. रुंदीला ते तोंडाच्या दोन्ही बाजूंस साधारण पाच मिलिमीटर बाहेर उरावे. शेवटी समोर उभे राहून दोन्ही गालवाद्या सारख्या उंचीवर आहेत ना, हे पाहावे.

स्वारीत दोर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून घेऊन अंगठ्याखाली धरावा. कोपरापासून कडियाळ्यापर्यंत बाजूने पाहता एक सरळ रेषा दिसली पाहिजे. थांबवायचे असेल तेव्हा बोटे मिटावीत, घोडा थांबला की त्याच क्षणी सैल सोडावीत. लगाम उतरवताना नाकपट्टी व गळपट्टी सोडून पट्टा कानांवरून हळू खाली आणावा आणि कडियाळे घोड्याला स्वतःहून सोडू द्यावे.

गोव्यात खरी कसोटी जून ते सप्टेंबरमध्ये लागते. कातड्यावर दोन दिवसांत बुरशी धरते, आणि किनाऱ्यावरून आलेल्या साजावरचे मीठ टाके व बकले दोन्ही खाते. स्वारी झाल्यावर कडियाळे साध्या पाण्याने धुवावे, कातडे ओलसर फडक्याने पुसून त्याला खोगिराचा साबण लावावा आणि वारा लागेल अशा सावलीत वाळवावे. उन्हात ठेवल्यास ते तडकते. बुरशी आलीच, तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने घराबाहेर पुसावी, मग तेलाचा पातळ हात द्यावा. खिळ्याला टांगल्यास पट्टा मोडतो, म्हणून गोल ओंडक्यावर किंवा जुन्या डब्यावर टांगावा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा साज काढताना गालवादी जिथे कडियाळ्याच्या कडीभोवती वळते, ती घडी अंगठ्याने उलगडून पाहावी, कारण वादी तुटते ती बहुधा तिथेच. तिथे भेगा दिसल्या, तर त्या दिवशी स्वारी रद्द करून वादी बदलावी.