कुवेतला नवीन आलात? धुळीचा अंदाज बघायला आधी शिका

मला इथे बारा वर्षं झाली. सिव्हिल आयडी, घरभाडं, शाळा हे सगळं कोणीही सांगतं पण धुळीचं नीट कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय, विशेषतः घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर पूर्ण वाचा.

फोनमधल्या नेहमीच्या वेदर ॲपवर विसंबून राहू नका. इथली धूळ मुख्यतः दोन प्रकारे येते आणि दोन्हींचा अंदाज वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो.

एक म्हणजे शमाल, वायव्येचा वारा, जून-जुलैत जोरात, दक्षिण इराकच्या सुकलेल्या जमिनीवरची माती उचलून आपल्या अंगावर आणतो. हा शेकडो किलोमीटरवर पसरलेला असतो त्यामुळे हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलला दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी दिसतो. युरोपच्या कोपर्निकस सेवेचा आणि बार्सिलोनाच्या डस्ट सेंटरचा असे दोन्ही नकाशे फुकट बघता येतात, दोन्हीत एकाच दिवशी धूळ दिसत असेल तर मी त्या दिवसाची बाहेरची कामं सरळ पुढे ढकलतो. वेळ यूटीसीत (म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत) दिली असेल तर ३ तास मिळवा, आपण सवयीने साडेपाच मिळवतो आणि घोळ होतो.

दुसरा सरायात, एप्रिल-मेमधला. आपल्या वळवासारखाच समजा, दुपारनंतर ढग दाटतात, ढगातली गार हवा खाली आदळते आणि पसरताना मातीची भिंतच पुढे ढकलत आणते, पाऊस पडेलच असं नाही. हा नेमका कुठे आणि किती वाजता येईल हे मॉडेलला जमत नाही. तेव्हा सॅटेलाईट बघायचं. मेटिओसॅट या युरोपच्या उपग्रहाच्या डस्ट इमेजमध्ये धूळ गुलाबी दिसते, उंच दाट ढग गडद लाल, आणि रात्रीही दिसतं, दर १५ मिनिटांनी नवीन चित्र येतं. बसऱ्याकडून गुलाबी पट्टा खाली सरकतोय असं दिसलं की शमालच्या धुळीचाही अंदाज येतो, हातात किती वेळ आहे तो. मे २०२२ मध्ये तर धुळीमुळे विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला होता, शाळाही बंद होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वारा पडला म्हणजे धूळ गेली असं नाही. पहिल्याच वर्षी संध्याकाळी वारा थांबला म्हणून मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि रात्री दोन वाजता मुलाला नेब्युलायझरसाठी घेऊन धावलो. जाड माती लवकर खाली बसते, बारीक कण, म्हणजे पीएम २.५, ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. म्हणून खिडकीबाहेर बघून ठरवू नका, आकडा बघा. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा पीएम २.५ साठी १५ आणि पीएम १० साठी (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) ४५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, धुळीच्या दिवशी इथे पीएम १० शेकड्यांत जातो. एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, बऱ्याचदा मागच्या काही तासांची सरासरी असते त्यामुळे वादळ येताना तो कमी आणि गेल्यावर जास्त दिसू शकतो, म्हणून ॲपमध्ये तासाचा पीएम मिळत असेल तर तोच बघा.

दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावा, बाहेर जावंच लागलं तर एन ९५ वापरा, कापडी मास्कने बारीक धूळ अडत नाही. गाडीत असाल आणि पुढचं दिसेनासं झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला जाऊन थांबा. एसीचा फिल्टर दुसऱ्या दिवशी धुवून पूर्ण वाळल्यावरच परत बसवा, आणि इन्हेलर संपत आला असेल तर एप्रिल लागायच्या आधीच नवीन आणून ठेवा.