ओपन सोर्स प्रकल्पाचा रोडमॅप आखताना या चुका टाळा

पगारी चमूला व्यवस्थापक काम नेमून देऊ शकतो. ओपन सोर्स प्रकल्पाच्या, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या, मेंटेनरकडे (प्रकल्प सांभाळणाऱ्याकडे) ती सोय नसते. कोणाची परीक्षा जवळ आली, कोणी नोकरी बदलली, कोणाच्या कंपनीने या कामाला दिलेला वेळ काढून घेतला, अशा गोष्टींवर कामाची गती ठरते. तरीही अनेक प्रकल्पांचे रोडमॅप (पुढच्या कामांचे आराखडे) कंपन्यांच्या तिमाही आराखड्याच्या धर्तीवर लिहिले जातात आणि वर्ष संपण्याआधीच शिळे होतात.

यातली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तारीख आणि त्या तारखेला द्यायच्या सुविधा, दोन्ही एकाच वेळी पक्क्या करणे. मनुष्यबळ आपल्या हातात नसेल, तर या दोहोंपैकी एक गोष्ट सैल ठेवावीच लागते, आणि माझ्या मते ती सुविधांची यादी असावी. लिनक्स कर्नलची (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याची) २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. म्हणजे नवे काम स्थिर आवृत्तीत येण्यासाठी जवळजवळ तीन वर्षे थांबावे लागले. त्यामुळे लिनक्स तयार स्वरूपात पुरवणाऱ्या वितरक कंपन्या नव्या सुविधा स्वतःच जुन्या कर्नलमध्ये जोडत राहिल्या. पुढे पद्धत बदलली. आता दोन आठवडे नवे काम स्वीकारले जाते, नंतर साधारण दर आठवड्याला चाचणी आवृत्ती निघते आणि नऊ-दहा आठवड्यांत नवे कर्नल बाहेर पडते. एखादा पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) वेळेत तयार झाला नाही तर तो पुढच्या फेरीत जातो, त्याच्यासाठी कोणी खोळंबत नाही. पुढची गाडी लवकरच आहे हे ठाऊक असल्यामुळे अर्धेकच्चे काम घाईने आत ढकलण्याचा मोहही कमी होतो.

दुसरी चूक पहिलीतूनच जन्मते: सगळे मोठे बदल एका भव्य आवृत्तीसाठी राखून ठेवणे. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ६ या आवृत्तीचे असेच झाले. संपूर्ण भाषेला आतून युनिकोडचा (जगातल्या लिपींसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीचा) आधार देण्याचा बेत होता, पण तो पेलवला नाही आणि २०१० मध्ये ते काम सोडून देण्यात आले. त्या आवृत्तीसाठी योजलेल्या नेमस्पेससारख्या (कोडमधल्या नावांची गटवारी करणाऱ्या) सुविधा मात्र २००९ मध्येच ५.३ मध्ये देऊन टाकल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. पुढची मोठी आवृत्ती २०१५ च्या डिसेंबरमध्ये थेट ७ या क्रमांकाने आली. आपल्या रोडमॅपवर ‘२.० मध्ये’ असे शेरे वाढू लागले असतील, तर त्यातले कोणते काम आजच्या शाखेत (सध्याच्या आवृत्तीच्या कोडमध्ये) स्वतंत्रपणे मर्ज होऊ शकते, म्हणजे मिसळता येते, हे लगेच तपासावे.

आता रोडमॅपमधली एक नेहमीची ओळ पाहा: ‘ऑफलाइन सिंक – जुलै.’ हे काम कोण करणार, कोड कोण तपासणार आणि काय झाले म्हणजे ते पूर्ण समजायचे, यांपैकी काहीच त्यात नाही. तीच ओळ अशी लिहावी: ‘ऑफलाइन सिंक, पहिला टप्पा: फक्त वाचण्यापुरता. काम घेणारा: (नाव). रिव्ह्यू: (नाव). नेट बंद करून ॲप उघडल्यावर शेवटच्या पन्नास नोंदी दिसल्या की पूर्ण.’ नावाची जागा रिकामी राहिली, तर ती ओळ रोडमॅपमधून उचलून ‘मदत हवी आहे’ या यादीत टाकावी. यात कमीपणा काही नाही. नवखा योगदानकर्ता तीच यादी आधी उघडतो. रिव्ह्यू करणाऱ्याचे नाव मात्र विसरू नये, कारण कोड लिहिणारे अनेकदा मिळतात आणि पुल रिक्वेस्ट (आपला कोड प्रकल्पात घेण्याच्या विनंत्या) अडकतात त्या तपासणीपाशी.

वापरकर्त्यांना नव्या आवृत्तीवर यायला लागणारा वेळ रोडमॅपमध्ये धरलेला नसतो, हीही एक मोठी उणीव आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३ ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. जुना कोड एका साधनातून एकदा रूपांतरित केला की भागेल, असा सुरुवातीचा होरा होता. प्रत्यक्षात लायब्ररी (इतरांना वापरता येणारे तयार कोडसंच) लिहिणाऱ्यांना एकच कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालवायचा होता. अखेर स्ट्रिंगच्या (कोडमधल्या मजकुराच्या) आधी ‘यू’ हे अक्षर लिहिण्याची काढून टाकलेली जुनी पद्धत २०१२ मध्ये ३.३ मध्ये परत आणावी लागली, आणि पायथन २.७ ची २०१५ ची अखेरची मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. सुसंगतता मोडणारा बदल असेल, तर जुन्या-नव्या दोन्हींवर चालणारा कोड कसा लिहायचा, याचे उत्तर त्याच नोंदीत असले पाहिजे.

न दिसणाऱ्या कामांनाही जागा हवी. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतला दोष उघड झाल्यानंतर इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पाने त्याच वर्षी जो रोडमॅप जाहीर केला, त्यात तुंबलेल्या दोषनोंदी, अपुरे दस्तऐवजीकरण, गुंतागुंतीचा कोड आणि रिव्ह्यूचा अभाव यांची स्पष्ट कबुली होती. भाषांतराचेही तसेच आहे. आवृत्तीच्या आदल्या दिवसापर्यंत बटणांवरील मजकूर बदलत राहिला, तर मराठी भाषांतर करणाऱ्या मोजक्या स्वयंसेवकांना तो गाठता येत नाही आणि मेनू अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी दिसतो. मजकूर गोठवण्याची तारीख रोडमॅपवर असावी.

रोडमॅप आधीच कोलमडला असेल, तर सगळ्या तारखा एक-एक तिमाही पुढे सरकवू नयेत. त्याने फक्त कोलमडणे लांबते. माइलस्टोनमधील (एका टप्प्यासाठी ठरवलेल्या कामांमधील) प्रत्येक इश्यू (कामाची नोंद) उघडून शेवटची हालचाल केव्हा झाली ते पाहावे, काम घेतलेल्या व्यक्तीला ते अजून जमणार आहे का असे थेट विचारावे, आणि ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास इश्यू मोकळा करावा. वगळलेली सुविधा गुपचूप खोडू नये. ती का वगळली याचे दोन ओळींचे कारण त्या इश्यूतच लिहावे, म्हणजे सहा महिन्यांनी तीच चर्चा नव्याने होत नाही. आणि वगळलेल्या कामावर कोणाची पुल रिक्वेस्ट आधीच आलेली असेल, तर रोडमॅपला हात लावण्यापूर्वी त्या व्यक्तीला उत्तर द्यावे.