हत्तीपायाची सूज असेल तर रोज घरी पाय कसा धुवायचा

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा साइडला हत्तीपाय झालेलं एखादं तरी माणूस ओळखीत असतंच, आणि बऱ्याच घरांत "आता काय इलाज नाही" म्हणून पाय तसाच सोडून देतात, ते प्लीज करू नका.

आधी आत काय होतं ते बघा. रक्तातलं पाणी बारीक केशवाहिन्यांतून सतत बाहेर झिरपतं, बरंचसं परत आत जातं, पण दिवसाला साधारण ३ लिटर उरतं ते लिम्फच्या नळ्या (हे उरलेलं पाणी, म्हणजे लिम्फ, वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) उचलतात. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही, त्यांचं स्वतःचं आकुंचन, पोटरीच्या स्नायूंचा दाब आणि श्वास यावरच पाणी वर चढतं आणि व्हॉल्व्ह असल्याने खाली येत नाही. जांघेतल्या लिम्फच्या गाठींत ते गाळलं जातं, तिथल्या पांढऱ्या पेशी जंतू पकडतात, आणि मग छातीतल्या मोठ्या नळीतून मानेखाली डाव्या बाजूच्या शिरेत, परत रक्तात. क्युलेक्स डासातून आलेले हत्तीरोगाचे जंत नेमके या नळ्यांतच राहतात, नळ्या फुगतात, व्हॉल्व्ह निकामी होतात आणि पाणी पायात साचतं.

साचलेल्या पाण्यात बाहेरचे जंतू शिरले की ताप, थंडी, जांघेत अवधाण, आणि असा प्रत्येक अटॅक सूज वाढवून जातो. म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठं औषध म्हणजे साबण. रोज साध्या पाण्याने, गरम नको, पाय धुवायचा, कातडीच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने साफ करायच्या, ब्रश घासायचा नाही, मग मऊ कापडाने टिपून टिपून कोरडं करायचं. बेचक्यात चिखल्या दिसल्या तर फंगसचं मलम लावा, कारण जंतू बहुतेक वेळा तिथूनच घुसतात, आणि पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांना तर हे फार. पाल्याचे लेप वगैरे नको.

बसताना पाय स्टुलावर, झोपताना गादीखाली उशी (हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून), दिवसातून बरेचदा घोटा गोल फिरवा, टाचा वर-खाली करा. चप्पल मोकळी हवी. सरकारी मोहिमेतल्या गोळ्या सुजेसाठी नाहीत, रक्तातली जंतांची पिल्लं मारून पुढचा प्रसार थांबवायला आहेत, म्हणून घरातल्या धडधाकट माणसांनीही घ्याव्यात, गरोदर बायका, लहान बाळं आणि फार आजारी माणसं सोडून.

ताप-थंडीचा अटॅक आला की व्यायाम बंद, गार पाण्याची पट्टी, आणि त्याच दिवशी दवाखाना.