ब्राउझरमधून एफटीपीची फाइल उतरत नाही? या चुका टाळा

एफटीपीची (सर्व्हरवरून फाइल आणण्याची जुनी पद्धत) लिंक दाबली आणि काहीच झालं नाही, किंवा भलतंच ॲप उघडलं, की बहुतेक जण कॅशे साफ करतात, अँटिव्हायरस बंद करतात, राउटर बंद-चालू करतात. यातलं काहीच करू नका. क्रोमने एफटीपीची सोय ९५व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये काढून टाकली. फायरफॉक्सने ती त्याच वर्षी जुलैमध्ये, ९०व्या आवृत्तीतच काढली होती. एज क्रोमच्याच पायावर उभा असल्याने तोही त्याच वाटेने गेला. आता ब्राउझर असा पत्ता फार तर दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. तुम्ही शोधताय ते सेटिंगच उरलेलं नाही.

यावर उपाय म्हणून जुनी आवृत्ती शोधून टाकणं ही सगळ्यात वाईट चूक. एका फाइलसाठी तुम्ही वर्षानुवर्षांच्या सुरक्षा दुरुस्त्या नसलेला ब्राउझर मशीनवर आणता, आणि तो तसाच राहून जातो.

आधी सोपं करून बघा: पत्त्याच्या सुरुवातीचं एफटीपी खोडून तिथे एचटीटीपीएस लिहा. अनेक सार्वजनिक सर्व्हरवर त्याच फाइल वेबवरूनही मिळतात. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने आपली सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ रोजी बंद केली, पण फाइल वेबवर चालूच राहिल्या.

ते जमलं नाही तर एफटीपी क्लायंट, म्हणजे एफटीपीवरून फाइल आणणारा वेगळा प्रोग्रॅम, घ्या. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्येही पत्ता टाकता येतो, पण बिघाड झाला की तो नीट काही सांगत नाही. माझी पसंती फाइलझिला या क्लायंटला आहे, कारण सर्व्हरशी झालेला सगळा संवाद (लॉग) त्यात वरच दिसतो. तो वाचायची सवय लावा, निम्मं काम तिथेच होतं. सर्व्हरच्या उत्तराच्या सुरुवातीला एक आकडा असतो. ५३० आला तर लॉगिन चुकलंय. ५५० म्हणजे फाइल तिथे नाही किंवा तुम्हाला परवानगी नाही. अशा वेळी नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा, कारण लिनक्स सर्व्हरला ती वेगळी वाटतात. ४२१ आला तर बऱ्याचदा एकाच वेळी जास्त जोडण्या झालेल्या असतात. क्लायंटमध्ये एका वेळी एकच फाइल उतरवायला सांगा. पासवर्ड पत्त्यातच लिहीत असाल आणि त्यात ॲट चिन्ह असेल, तर पत्ता भलत्याच ठिकाणी तुटतो. त्या चिन्हाऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ४० लिहावं लागतं.

खरा घोळ होतो तो लॉगिन झाल्यावर फोल्डरची यादी न येता सगळं अडकून पडतं तेव्हा. एफटीपी दोन जोडण्या वापरतं: आज्ञांसाठी पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) २१, आणि यादी किंवा फाइल आणण्यासाठी दुसरी. ॲक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर तुमच्याकडे करू पाहतो आणि राउटर त्याला दारातच अडवतो. म्हणून मोड पॅसिव्ह ठेवा, त्यात दुसरी जोडणीही तुमच्याकडूनच होते. तरीही अडकत असेल तर लॉगमधली २२७ ची ओळ बघा; दुसरी जोडणी कुठे करायची ते सर्व्हर त्यात सांगतो. तिच्या कंसात सहा आकडे असतात, उदाहरणार्थ १९२,१६८,१,५,१९५,८०. पहिले चार म्हणजे आयपी पत्ता. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला की पोर्ट मिळतो, इथे ५००००. सर्व्हर इंटरनेटवर असून पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तो स्वतःचा अंतर्गत, म्हणजे त्याच्या नेटवर्कबाहेर न चालणारा पत्ता तुम्हाला देतोय. ही चूक सर्व्हर चालवणाऱ्याची आहे. फाइलझिला असा पत्ता बाजूला ठेवून सर्व्हरचा बाहेरचा पत्ता वापरू शकतो, म्हणून तिथे काम होऊन जातं आणि दुसऱ्या क्लायंटमध्ये अडतं.

फाइल पूर्ण उतरली, पण झिप उघडत नाही? ट्रान्सफर आस्की (मजकुरासाठीच्या) मोडमध्ये झालं असण्याची शक्यता मोठी. हा मोड ओळींचे शेवट बदलतो. मजकुराला ते चालतं, झिपची मात्र वाट लागते. लिनक्स सर्व्हरवरून विंडोजवर अशी झिप आणली तर साधारण दर २५६ बाइटमागे एक जादा बाइट घुसतो, म्हणजे आकार सुमारे ०.४ टक्के वाढतो. फाइल मूळ आकारापेक्षा थोडीशीच मोठी दिसली, तर पुन्हा पुन्हा उतरवत बसू नका. मोड बायनरी (फाइल जशीच्या तशी आणणारा) करा आणि अर्धवट फाइल पुढे न रेटता पहिल्यापासून आणा. पेन ड्राइव्ह फॅट ३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल कुठल्याच मोडमध्ये बसणार नाही.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. खातं खासगी असेल तर एसएफटीपी किंवा एफटीपीएस मागून घ्या. दोन्हींत पासवर्ड सांकेतिक होऊन जातो, पण ही दोन वेगळी आहेत: एफटीपीएस म्हणजे एफटीपीच, पण सुरक्षित जोडणीवरून; एसएफटीपी मात्र पोर्ट २२ वर एसएसएच या वेगळ्या सुरक्षित जोडणीवरून चालतं, त्यामुळे क्लायंटमध्ये प्रकार चुकीचा निवडला तर जोडणीच होणार नाही.

इतकं करूनही अडलं तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला नुसतं ‘डाउनलोड होत नाही’ असं कळवू नका. लॉगच्या शेवटच्या दहा-बारा ओळी, वेळ आणि फाइलचा पूर्ण मार्ग पाठवा. पासवर्ड कुठे दिसत नाही ना, हे त्याआधी पाहून घ्या.