किनाऱ्यावरच्या वाडीच्या सांडपाण्याची आखणी

कोकणातल्या आपल्या वाडीत सांडपाण्याची सोय करावी, असे पुण्यात स्थायिक झालेली मंडळी म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा आपल्या सोसायटीतला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असतो. तो तिथे नेऊ नये. त्याचे ब्लोअर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारे पंखे, अखंड चालावे लागतात, आणि पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या वाडीत शुद्धीकरणाची क्रियाच बिघडते.

जागेची पाहणी मे महिन्यात सुट्टी असते म्हणून तेव्हा न करता ऑगस्टमध्ये करावी. पुण्यात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर 3000 मिलिमीटरहून अधिक. शिवाय जांभा सच्छिद्र असल्यामुळे विहिरी काठोकाठ भरतात आणि परड्यातला शोषखड्डा त्याच भूजलात बुडतो. म्हणून वाडीच्या नकाशावर प्रत्येक विहीर, तिची ऑगस्टमधली पातळी, जमिनीचा उतार आणि उधाणाच्या भरतीची रेषा आधी नोंदवावी. भरतीरेषेजवळच्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, त्यामुळे जागा ठरवण्यापूर्वीच परवानगीची चौकशी करावी.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी होते असे मानले, तर 400 वस्तीच्या वाडीत रोज सुमारे 17,600 लिटर सांडपाणी निघेल. मात्र गणपतीत चाकरमानी आले की वस्ती दुप्पट होऊ शकते, आणि नेमके तेव्हाच भूजलही वर असते. आखणी त्या दहा दिवसांसाठी करावी. सेप्टिक टँकमध्ये पाण्यासाठी 36,000 लिटर जागा, शिवाय गाळासाठी वेगळी जागा ठेवली, तर एरवी पाणी टँकमध्ये दोन दिवस थांबते आणि गणपतीतही एक दिवस.

टँकमधून बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे असले तरी त्यात रोगजंतू असतातच, त्यामुळे ते पऱ्यात (ओढ्यात) किंवा खाडीत सोडू नये. ते खडीच्या वाफ्यात न्यावे, म्हणजे खडी आणि झाडांची मुळे ते आणखी शुद्ध करतात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धतही याच जातीची आहे. साधारण 60 सेंटिमीटर खोलीचा, तळाशी जाड प्लॅस्टिकचे अस्तर असलेला आणि किंचित उताराचा हा वाफा काळ्या दगडाच्या धुतलेल्या खडीने भरावा. जांभ्याचे तुकडे झिजून फटी बुजवतात, म्हणून ते वापरू नयेत. वर कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहिले पाहिजे, नाहीतर डासांची पैदास होईल. माणशी एक ते दीड चौरस मीटर धरल्यास 400 माणसांना चार ते सहा गुंठे जागा लागते, आणि ती कोणी द्यायची यावर ग्रामसभेत जितका वेळ जातो तितका बांधकामालाही जात नाही.

वाफ्यातून आलेले पाणी नारळ-सुपारीच्या मुळाशी द्यावे, कच्च्या खायच्या भाजीला नको. जादा पाणी सोडायचा पाइप उधाणाच्या पातळीच्या वर असावा, नाहीतर खारे पाणी उलटे शिरते. खाऱ्या हवेत लोखंडी झाकणे लवकर गंजतात. ती फायबरची घ्यावीत.

देहूचे डॉ. मापुसकर, ज्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली, यांनी संडासाला बायोगॅस जोडण्याचे काम केले. टँकऐवजी तोही विचार करण्याजोगा आहे, पण गॅस वापरणारे घर जवळ असेल तरच.

गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. म्हणून टँकरची गाडी चेंबरपर्यंत पोहोचेल इतका रस्ता जागा निवडतानाच पाहावा, उपसलेला गाळ कुठे जाणार हे लेखी ठरवावे आणि त्याची वर्गणी पहिल्या वर्षापासून जमा करावी.